हाडातला मगज आणि डोळ्यातला समुद्रपंखा



बोईसर स्टेशनावर उतरून समुद्राच्या दिशेने निघाले, की दांडी गाव लागते. किनाऱ्यावर होड्या, वलांडीवर वाळत घातलेले बोंबील आणि जाळी दुरुस्त करीत बसलेली माणसे, असे हे गाव. याच बोईसरहून पूर्वेला गेले, की डोंगर सुरू होतात आणि वारली, कोकणा, कातकरी बांधवांचे पाडे लागतात. आजचा विषय या दोन्हीकडच्या माणसांचा आहे. तो थोडा चमत्कारिक वाटेल. हाडातल्या मगजाचा डोळ्याशी काय संबंध, हा तो विषय.

मी वैद्य नव्हे, कॉलेजात शिकवणारा मास्तर आहे. म्हणून वैद्यकातले अवघड शब्द बाजूला ठेवून, मला जसे समजले तसे सांगणार आहे.

मटणाची नळी फोडून आतला मगज खाणे कित्येकांना आवडते. शास्त्रात त्याला अस्थिमज्जा म्हणतात. माणसाच्या छातीच्या, कमरेच्या, मणक्याच्या आणि बरगड्यांच्या हाडांत हा मगज लाल असतो, कारण तो रक्ताचा कारखाना आहे. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका या तिन्ही तिथेच तयार होतात. हा कारखाना दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी बाहेर पाठवतो. रात्रपाळी, दिवसपाळी, सुटी असे काही तिथे नाही. प्रत्येक तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, अंगभर प्राणवायू पोचवते आणि मग मोडीत निघते.

आता डोळ्याकडे वळू. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. जाडी साधारण पाव मिलिमीटर, पण प्राणवायूची भूक एवढी मोठी, की शरीरातल्या सर्वांत खादाड भागांत त्याची गणना होते. या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या डोळ्याच्या मागच्या बाजूने, दृष्टीची मोठी नस जिथून आत येते तिथून शिरतात आणि झाडाच्या फांद्यांसारख्या कडेपर्यंत पसरतात. सूर्या प्रकल्पाच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना हे पटकन कळेल. कालव्याच्या तोंडाशी पाणी भरपूर असते, पण कुठे गाळ साचला, कुठे पाला अडकला, तर सर्वांत आधी कोरडा पडतो तो शेपटाकडचा शेतकरी. दृष्टिपटलाची कड म्हणजे असे शेपटाकडचे शेत समजा.

हा पाला कसा अडकतो, याचे आपल्या जिल्ह्याजवळचे उदाहरण म्हणजे सिकल सेलचा आजार. सिकल म्हणजे विळा. निरोगी तांबडी पेशी गोल, मऊ आणि लवचीक असते. स्वतःच्या जाडीपेक्षा बारीक वाहिनीतूनही ती अंग चोरून निघून जाते. सिकल सेलच्या रोग्याची पेशी प्राणवायू देऊन झाला, की ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. नळीतून सुपारी घरंगळत जाईल, पण विळा टाकला तर? तो अडकतो, त्याच्यामागे दुसरा अडकतो आणि नळी तुंबते. अशी पेशी जगतेही थोडे. १२० दिवसांच्या जागी १० ते २० दिवसांतच ती मोडते. म्हणून रोगी फिकट दिसतो, त्याचे डोळे पिवळे होतात, हाडे आणि सांधे असह्य दुखतात.

या विळ्याची गोष्ट शास्त्रज्ञांनी हळूहळू उलगडली. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात अशा वाकड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष पेशीतल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका कुठे आहे ते शोधले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी आहेत. त्यांतला सहावा मणी बदललेला असतो. एवढेच! १४६ मण्यांच्या माळेतला एक मणी चुकीचा ओवला गेला आणि माणसाचे सारे आयुष्य बदलले. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत त्याचे प्रमाण मोठे आहे. आपल्याकडच्या आदिवासी पाड्यांतही तो आहे. विदर्भात तर आदिवासी नसलेल्या अनेक समाजांतही तो सापडतो. रक्त कुणाची जात विचारत नाही.

हा दोष जंगलपट्टीतच अधिक का, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर मलेरिया. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा गुण आलेला असेल, तर माणूस आजारी पडत नाही, उलट त्याला जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. हे १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. म्हणजे हा दोष कुणाच्या पापाचे फळ नव्हे, कुणाची करणी तर नव्हेच. डासांनी गांजलेल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडलेली ती एक ढाल आहे. दोन्ही बाजूंनी आली, की मात्र तीच ढाल वार करते.

आता हे विळे डोळ्यात काय करतात ते पाहू. दृष्टिपटलाच्या कडेच्या बारीक वाहिन्या तुंबतात. त्यापुढचा भाग उपाशी पडतो. उपाशी पेशी गप्प बसत नाहीत, त्या हाक मारतात. प्राणवायू कमी पडल्याचे पेशीला कसे कळते, या शोधासाठी २०१९ साली विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही जाणीव झाली, की पेशी काही द्रव्ये सोडतात. त्यांतले मुख्य द्रव्य व्हीईजीएफ या नावाने ओळखले जाते. त्याचा अर्थ सोपा आहे: ‘इकडे रक्त नाही, नवी वाहिनी आणा.’

हाक ऐकून नव्या वाहिन्या फुटतात. पण घाईगर्दीने काढलेला पाट जसा बांधाविना वाहतो, तशा त्या कच्च्या असतात. त्यांच्या भिंती पातळ असतात आणि त्यांतून रक्तातले पाणी झिरपते. त्या पडद्यात नीट पसरण्याऐवजी डोळ्याच्या पोकळीतल्या पारदर्शक गरात घुसतात. तिथे त्यांचा आकार पंख्यासारखा होतो. खडकाळ समुद्रतळाला चिकटून वाढणारा, जाळीदार पंख्यासारखा दिसणारा एक सागरी जीव असतो. त्याला इंग्रजीत सी फॅन म्हणतात, आपण समुद्रपंखा म्हणू. डॉक्टरांनी डोळ्यातल्या या वाहिन्यांना तेच नाव दिले. मॉर्टन गोल्डबर्ग या नेत्रतज्ज्ञांनी १९७१ साली या रोगाच्या पाच पायऱ्या सांगितल्या. पहिली, कडेच्या वाहिन्या तुंबणे. दुसरी, आडवाटेने रोहिणी आणि नीला यांची जोडणी होणे. तिसरी, समुद्रपंखा उगवणे. चौथी, तो फुटून डोळ्यात रक्त सांडणे. पाचवी, पडदा सुटणे. कधीकधी समुद्रपंखा आपोआप सुकूनही जातो, पण कुणाचा सुकेल आणि कुणाचा फुटेल हे घरबसल्या सांगता येत नाही.

यातली खरी भीती कुठे आहे, ते नीट ऐका. पहिल्या तीन पायऱ्यांपर्यंत रोग्याला बहुधा काहीच कळत नाही! मधली नजर स्वच्छ असते. मुलगा फळ्यावरचे वाचतो, सुईत दोरा ओवतो. आणि एक दिवस डोळ्यापुढे काळे ठिपके, कोळ्याचे जाळे किंवा पडदा येतो. तेव्हा चौथी पायरी आलेली असते. आणखी एक गोष्ट. अंगात रक्त किती कमी आहे यावरून डोळ्याची अवस्था ठरवता येत नाही. फारसा न दुखणारा, चांगला हिंडता-फिरता रोगीही डोळ्याने अधू होऊ शकतो.

इथवर मगजाचा एक अपराध आपण पाहिला. त्याने वाकड्या पेशी पाठवल्या आणि वाट तुंबली. पण मगजाची दुसरीही एक भूमिका आहे, आणि ती अलीकडच्या पंचवीस-तीस वर्षांतच उमगली.

पूर्वी समजूत अशी होती, की नवी वाहिनी ही शेजारच्या जुन्या वाहिनीला फुटलेली फांदीच असते. १९९७ साली ताकायुकी असाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले, की मोठ्या माणसाच्या रक्तातही वाहिन्या घडवू शकतील अशा मूळ पेशी फिरत असतात. मग प्रश्न आला, त्या डोळ्यातही जातात का? याचा छडा लावायला शास्त्रज्ञांनी उंदीर घेतले. समुद्रात छत्रीसारखा तरंगणारा, अंगाला लागला तर आग करणारा जेलिफिश दांडीच्या कुठल्याही नाखव्याला ठाऊक आहे. अशाच एका जातीच्या जेलिफिशमध्ये हिरवे चमकणारे एक प्रथिन असते. ते ज्यांच्या पेशींत घातले आहे अशा उंदरांचा मगज काढून दुसऱ्या उंदरांना दिला. मग त्या दुसऱ्या उंदरांच्या दृष्टिपटलात वाहिन्यांची वाकडी वाढ घडवून आणली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. नव्या वाहिन्यांत हिरव्या पेशी चमकत होत्या! म्हणजे त्या हाडातून निघून डोळ्यापर्यंत आल्या होत्या. फ्लोरिडातल्या मारिया ग्रँट यांच्या गटाने हे काम २००२ साली प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या मार्टिन फ्रीडलँडर यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. मगजातल्या ठरावीक पेशी उंदराच्या डोळ्यात सोडल्या, तर त्या वाहिन्यांना आधार देतात आणि मरणाऱ्या वाहिन्या टिकवतात. त्याच पेशींत वाढ रोखणारे द्रव्य घालून सोडले, तर त्या वाढ रोखतात. म्हणजे या पेशींना डोळ्यातली नेमकी जागा सापडते आणि त्या जसा माल घेऊन जातात तसे काम होते. २००६ साली याच गटाने दाखवले, की अशा काही पेशी प्राणवायूच्या उणिवेने बिघडलेल्या दृष्टिपटलात जाऊन तिथल्या रखवालदार पेशी बनतात आणि वाहिन्यांची दुरुस्ती लवकर होते.

मग मगज मित्र की शत्रू? उत्तर एका शब्दात देता येत नाही. उतारवयात दृष्टीच्या मध्यभागी वाहिन्या उगवण्याचा एक आजार असतो. त्याचा नमुना उंदरांत तयार करून २००३ साली पाहिले, तेव्हा मगजातून येणाऱ्या भक्षक पांढऱ्या पेशी कमी केल्या की वाकडी वाढही कमी झाली. दुसऱ्या एका गटाने २००६ साली नेमके उलटे चित्र दाखवले. म्हणजे पेशी कुठल्या जातीची, कोणत्या वेळी आली आणि आल्यावर तिला कोणता हुकूम मिळाला, यावर सारे अवलंबून आहे. बंदरात आग लागली, की गाव धावते. त्यांत पाणी आणणारे असतात, तसेच गडबडीत पेटते लाकूड भलतीकडे फेकणारेही असतात. धावून येणे एकच, पण फळ वेगळे.

एक दुरुस्तीही इथे सांगायला हवी, कारण शास्त्र स्वतःची चूक मान्य करते यातच त्याचा मोठेपणा आहे. सुरुवातीला वाटले, की मगजातल्या पेशी स्वतःच विटा होऊन वाहिनीच्या भिंतीत बसतात. पुढे दिसून आले, की विटा होणाऱ्या पेशी थोड्या. बहुतेक जणी मुकादमासारख्या शेजारी उभ्या राहतात, द्रव्ये सोडतात आणि जुन्या वाहिनीच्या पेशींकडून काम करवून घेतात. सिकल सेलच्या रोग्यात तर मगज सतत जादा पाळीत राबत असतो. तिथल्या अर्धकच्च्या तांबड्या पेशीही वाहिन्यांच्या वाढीला चिथावणारे एक द्रव्य सोडतात, असे आढळले आहे. मधुमेहात याच्या उलट तक्रार आहे. दुरुस्तीला निघणाऱ्या पेशी मंदावतात, वेळेवर पोचत नाहीत, आणि उपाशी दृष्टिपटलाची हाक वाढतच जाते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचीही कथा अशीच आहे. दृष्टिपटलाच्या वाहिन्या कडेपर्यंत पोचायला गर्भाचे जवळजवळ पूर्ण दिवस लागतात. बाळ आधीच जन्मले, की काम अर्धवट राहते आणि पुढे तिथे वाकडी वाढ होऊ शकते. म्हणून चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळा तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाकडून तपासावा, असा आपल्या देशातला नियम आहे. फारच लहान बाळाचा तर दोन-तीन आठवड्यांतच.

आता उपायांचे पाहू. लेसरच्या किरणांनी दृष्टिपटलाचा उपाशी भाग ठिकठिकाणी डागतात. भूक कमी झाली, की हाक कमी होते आणि पंखा सुकतो. दुसरा उपाय म्हणजे व्हीईजीएफला अडवणारे औषध सुईने डोळ्यात देणे. ते डोळ्याच्या अनेक विकारांत २००४-०६ पासून रूढ झाले, पण कुणाला द्यायचे हे तज्ज्ञच ठरवतील. मूळ आजारासाठी हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी पेशी विळ्यासारख्या होण्याचे प्रमाण घटते. आणि मगजच बदलला तर? तेही होते. १९८४ साली अमेरिकेत एका मुलीला रक्ताच्या कर्करोगासाठी दुसऱ्याचा मगज दिला, तर तिचा सिकल सेलही बरा झाला. २०२३ साली रोग्याच्याच मगजातल्या मूळ पेशी बाहेर काढून, त्यांच्या जनुकात दुरुस्ती करून परत देण्याच्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. हे उपचार फार महाग आहेत आणि त्यांत धोकाही आहे, पण वाट दिसली आहे.

वाट दिसली, की वाटमारेही येतात, बरं का! ‘तुमचाच मगज काढून डोळ्यात सुई देतो, नजर परत येईल,’ असे सांगून कुणी जमीन-दागिने विकायला लावले, तर तिथून उठून या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूळ पेशींचा रूढ उपचार रक्ताच्या आणि तत्सम आजारांपुरताच मान्य आहे. बाकी सर्व काम परवानगी घेतलेल्या चाचणीतच व्हायला हवे, आणि अशा चाचणीत रोग्याकडून पैसे घेत नाहीत. अमेरिकेत तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या आणि त्यांची दृष्टी गेली, हे २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आहे. प्रयोगशाळेतला उंदीर आणि आपले माणूस यांत अंतर असते, हे विसरू नये.

शेवटी, आपल्या हातात काय आहे? शाळकरी मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तो आपल्या पालघरहूनच, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमाच्या यादीत सिकल सेल आहे आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा नेत्रविकारही आहे. त्यानंतर १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार हटवावा, असे तिचे लक्ष्य आहे. पहिली चाचणी अगदी साधी आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन एका द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले, तर पुढची पक्की तपासणी करतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गात वरचेवर सांधे दुखतात म्हणून गैरहजर राहणारे, डोळे पिवळसर असलेले मूल असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याला आरोग्य पथकापुढे उभे करा. सिकल सेल ठरलेल्या मुलाच्या डोळ्यांची, बाहुल्या रुंद करून, दहाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी तपासणी व्हावी. नजर चांगली आहे म्हणून ती टाळू नये. आणि विटी-दांडू किंवा क्रिकेट खेळताना अशा मुलाच्या डोळ्याला मार लागला, तर हळद-तुपावर न भागवता त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या. मार लागून डोळ्यात रक्त साचले, तर विळ्यासारख्या पेशी तिथला निचरा अडवतात, डोळ्याचा ताण वाढतो आणि दृष्टी जाऊ शकते. ज्यांच्यात फक्त गुण आहे, आजार नाही, त्यांनाही हा धोका असतो.

लग्नाआधी मुलामुलीने आपले रक्त तपासून घ्यावे. दोघांतही हा गुण असेल, तर प्रत्येक खेपेला मुलाला आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. एक मूल निरोगी झाले, म्हणून पुढचे सुटले असे नाही. पत्रिका जुळवण्यात जेवढा वेळ जातो, त्याच्या शंभराव्या हिश्शात हे काम होते.

रात्री बंदरात शिरताना नाखवा खडक कुठे आहे ते आधीच ध्यानात ठेवतो. खडकावर आपटल्यानंतर दिवा लावून काय उपयोग? समुद्रपंखा फुटण्याआधी डोळा तपासून घेणे यात तेवढेच शहाणपण आहे.